वालधुनीच्या पाण्यांतील कुळवृत्तांत

मागील वर्षीं श्रावणांत, एका सोमवारीं सकाळीं, तुळशीला पाणी घालण्यासाठीं मी मागच्या गॅलरींत गेलों, तों कुंडीला लागूनच एक पांढरा थर्मोकोलचा डबा ठेवलेला दिसला. झांकण उचलून पाहतों तों आंत बर्फ, बर्फांत एकींत एक घातलेल्या तीन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि सर्वांत आंत घट्ट बूच लावलेली एक बाटली. बाटलींतील पाणी काळसर होतें. मीं धाकट्या कन्येस हाक मारली.

“हें काय आहे?”

“वालधुनीचें पाणी, नाना. काल तिन्हीसांजेला भरलें. तोंवर प्रयोगशाळा बंद झाली होती, म्हणून रात्रभर येथें ठेवलें. आतां घेऊनच निघालें आहें.”

परगांवच्या वाचकांकरितां सांगतों. वालधुनी ही अंबरनाथाच्या बाजूनें येऊन, उल्हासनगरांतून वाहत कल्याणांत शिरते आणि पुढें उल्हास नदीला मिळते. अंबरनाथाचें शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० चें शिवालय तिच्याच कांठीं आहे. ज्या नदीच्या पाण्यानें त्या शंकराला अभिषेक होत असेल, ती आज वस्तीचें सांडपाणी आणि कारखान्यांचा मळ वाहून नेते. आगगाडींतून जातांना नाकाला रुमाल लावल्यावांचून तिचें दर्शन घेणारा मनुष्य मीं पाहिलेला नाहीं.

“तुळशीपाशीं?” एवढेंच मीं विचारलें.

“जेथें जीवाणु फार, तेथेंच त्यांना खाणारेही फार, नाना,” ती डबा उचलीत म्हणाली. “स्वच्छ विहिरीवर मी गेलें असतें, तर बहुधा रिकाम्या हातानें परत आलें असतें.”

ती गेल्यावर मीं गॅलरी धुऊन काढली, कुंडी हलविली, आणि दिवसभर मनांतल्या मनांत धुसफुसत राहिलों. त्या बाटलींतून पुढें नऊदहा महिन्यांत जें निघालें, त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

मी विज्ञानाचा मनुष्य नव्हे. बालपणीं पाठशाळेंत रूपावली आणि अमरकोश घोकला, पुढें मॅट्रिक झालों, आणि ३४ वर्षें शाळेंत संस्कृत शिकवून निवृत्त झालों. तेव्हां या लेखांत शास्त्रीय म्हणून जें आहे, तें कन्येनें समजावून दिलेलें आहे. आणि मला तें जेवढें समजलें, तेवढें पोथ्यांच्या वाटेनें समजलें.

तिनें हा विषय कां घेतला, तें आधीं सांगितलें पाहिजे. चार वर्षांपूर्वीं तिची आई गेली. मधुमेह पुष्कळ वर्षांचा होता. पायाला एक लहानशी जखम झाली, ती चिघळली, आणि तिला रुग्णालयांत ठेवावें लागलें. जखमेंतील स्राव तपासावयास पाठविला होता, त्याचा कागद चौथ्या दिवशीं हातीं आला. क्लेब्सिएला नांवाचा जीवाणु निघाला होता. खालीं औषधांची एक लांब यादी होती आणि प्रत्येक औषधासमोर एक इंग्रजी अक्षर होतें. वरपासून खालपर्यंत तें अक्षर एकच होतें, आर. म्हणजे या औषधाला हा जीवाणु दाद देत नाहीं. यादीच्या अगदीं तळाशीं एका औषधासमोर निराळें अक्षर होतें. तें औषध सुरू केलें, पण तें मूत्रपिंडांना सोसलें नाहीं, आणि अकराव्या दिवशीं सारें आटोपलें. डॉक्टरांनीं हयगय केली असें मला तेव्हांही वाटलें नाहीं व आजही वाटत नाहीं. त्यांच्या भात्यांतले बाण संपले होते.

तो कागद कन्येनें घडी करून आपल्याजवळ ठेवला. त्या वेळीं ती सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी होती. वर्षाच्या आंत तिनें जीवाणुभक्षक विषाणूंचा विषय घेऊन संशोधनास आरंभ केला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं याच कल्याणांत झाला, आणि पहिलें अपत्य दहा दिवसांत गेल्याच्या दुःखांतून त्या वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या, ही कथा आमच्या गांवांतील मुली लहानपणापासून ऐकतात. कन्येनें माझ्याजवळ त्यांचें नांव कधीं काढलें नाहीं. पण तिच्या मेजावर त्यांचें एक लहानसें चित्र आहे.

बॅक्टेरिओफेज, अथवा नुसतें फेज, म्हणजे जीवाणूंना ग्रासणारे विषाणु. या शब्दाचा उत्तरार्ध खाणें या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आलेला असून, आमच्या भज् धातूचा तो सगोत्र आहे असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्या देशाशीं या प्राण्यांचा संबंध जुना आहे. आग्र्यास असलेले जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनीं १८९६ सालीं असें प्रसिद्ध केलें, कीं गंगायमुनांच्या पाण्यांत पटकीचे जंतु थोड्याच तासांत मरतात, आणि तेंच पाणी उकळलें म्हणजे त्याचा हा गुण नाहींसा होतो. तें फेजाचेंच काम होतें काय, याविषयीं आज मतभेद आहेत. पुढें १९१५ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना, आणि १९१७ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फेलिक्स देरेल यांना, जीवाणु ज्या गाळणींत अडकतात तिच्यांतून पार जाऊन जीवाणूंचाच नाश करणारें असें कांहीं आढळलें. बॅक्टेरिओफेज हें नांव देरेल यांनीं दिलें. १९२७ सालीं ते हिंदुस्थानांत आले आणि पटकीवर त्यांनीं येथें प्रयोग केले. नंतर पेनिसिलीन व त्याच्या मागोमाग आणखी औषधें आलीं, आणि जॉर्जियांतील तिब्लिसीसारखीं थोडीं ठिकाणें सोडल्यास बाकीच्या जगानें हा उपचार बाजूला ठेवला. आतां तींच औषधें निष्प्रभ होऊं लागल्यावर सर्वांना त्याची पुन्हा आठवण झाली आहे.

फेज पकडण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. पाणी बारीक गाळणींतून गाळतात, म्हणजे जीवाणु वर राहतात व फेज खालीं उतरतात. कांचेच्या बशींत ज्या जीवाणूचा फेज पाहिजे, त्याचा पातळ थर वाढवितात आणि त्यांत हें गाळलेलें पाणी मिसळतात. दुसऱ्या दिवशीं त्या दुधट थरावर जेथें जेथें स्वच्छ ठिपका पडला असेल, तेथें फेजानें जीवाणु खाल्ले असें समजावयाचें. आमच्या वालधुनीच्या बाटलीनें तसे ठिपके दिले. तिनें त्यांचें छायाचित्र मला दाखविलें. गोकुळाष्टमीच्या रांगोळींत बोटानें टिंबें पुसून टाकावीं, तसें तें दिसत होतें.

परंतु मिळालें तें काय मिळालें, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो. जगांत फेज अगणित आहेत. हातीं आलेला कोणत्या घराण्यांतला, सभ्य कीं लबाड, पूर्वीं कोणाला भेटलेला कीं अगदीं नवा, हें कळल्यावांचून तो रोग्याच्या जवळ नेतां येत नाहीं. हें घराणें पूर्वीं रूपावरून ठरवीत. १९४० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं फेज दिसूं लागले, तेव्हां पुष्कळांना डोकें आणि शेंपटी असल्याचें आढळलें. पुढें शेंपटीवरून तीन कुळें पाडलीं गेलीं. जिची शेंपटी आकसते तें मायोव्हिरिडी, जिची लांब पण न आकसणारी तें सायफोव्हिरिडी, आणि जिची आंखूड तें पोडोव्हिरिडी. यांतील पोडो म्हणजे ग्रीकांचा पाय, आमचा पाद. १९९८ सालीं या तिन्ही कुळांचा मिळून शेंपटीवाल्यांचा एक गणही स्थापन झाला.

हें ऐकून मला बरें वाटलें, कारण आपलीही रीत तीच. आमच्या घराण्याची खूण म्हणून वडील घारे डोळे सांगत असत. लग्नकार्यांत एखादें घाऱ्या डोळ्यांचें मूल दिसलें, कीं “हा आपलाच” असें म्हणून त्याला जवळ ओढीत. मीं कन्येस म्हटलें, “ही व्यवस्था चांगली आहे. पाहतां क्षणीं कुळ कळतें.”

“होती, नाना. २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय समितीनें तीं तिन्ही कुळें आणि तो गणसुद्धां रद्द केला.”

“अरे! तो कां?”

“कारण अक्षरें वाचतां येऊं लागलीं.” असें म्हणून तिनें संगणकाचा पडदा माझ्याकडे वळविला.

बहुतेक फेजांचा सारा वारसा डी. एन. ए. च्या एका लांब धाग्यावर लिहिलेला असतो, आणि त्या लिपींत अक्षरें चारच: ए, टी, जी, सी. फाय-एक्स-१७४ नांवाच्या चिमुकल्या फेजाचीं ५,३८६ अक्षरें आहेत. फ्रेडरिक सँगर व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं तीं वाचलीं. डी. एन. ए. चा एक संपूर्ण ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत मनुष्यानें वाचल्याची ती पहिलीच वेळ. लॅम्डा नांवाच्या फेजाचीं ४८,५०२ अक्षरें १९८२ सालीं वाचून झालीं, आणि टी-४ चा ग्रंथ तर सुमारें १,६९,००० अक्षरांचा आहे. ज्या कामाला तेव्हां वर्षें लागत, तें आज यंत्र थोड्या दिवसांत करतें.

पडद्यावर एका ओळीखालीं एक अशा अक्षरांच्या रांगा होत्या. वरची रांग एका जुन्या, माहितींतल्या फेजाची आणि खालच्या इतरांच्या. प्रत्येक अक्षर आपापल्या रकान्यांत होतें. जुळणारें अक्षर असलेला रकाना पांढरा, भेद असेल तेथें रंगीत, आणि मजकूर गळला असेल तेथें नुसती रेघ. मी चष्मा पुसून पुन्हा लावला. हें मीं पूर्वीं पाहिलें होतें.

विद्यार्थिदशेंत एकदां गुरुजींनीं मला पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेंत नेलें होतें, आणि महाभारताची चिकित्सित आवृत्ति कशी सिद्ध झाली तें समजावून दिलें होतें. त्या कामाचीं सूत्रें १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या हातीं होतीं. ते मूळचे केंब्रिजचे गणिताचे विद्यार्थी. त्यांच्या पद्धतींत उभ्याआडव्या आंखलेल्या कागदाच्या वरच्या ओळींत प्रचलित पाठ लिहीत, तोही एका रकान्यांत एकच अक्षर असा. आणि एकेका हस्तलिखितांत जेथें भेद असेल, तेथें तो त्याच अक्षराखालच्या रकान्यांत उतरून घेत. या वाटेनें १२५९ हस्तलिखितें तपासून तें काम १९६६ सालीं पूर्ण झालें. कन्येच्या पडद्यावर होता तो हाच कागद. श्लोकाच्या जागीं फेज होता, इतकाच फरक.

पोथी ताडपत्रावर आहे कीं कागदावर, तिचें अक्षर वळणदार आहे कीं ओबडधोबड, यावरून तिचें घराणें ठरत नाहीं. दोन पोथ्यांत एकाच जागीं एकच विशेष चूक असली, किंवा इतरत्र नसलेला एकच श्लोक असला, म्हणजे त्या एका आईच्या लेकी समजाव्या. फेजांचेंही तसेंच निघालें. एकसारख्या शेंपटीचे दोघे अक्षरें ताडल्यावर एकमेकांचे कोणी लागत नव्हते, आणि शेंपटीवरून वेगळ्या कुळांत घातलेले कित्येक जवळचे भाऊबंद ठरले.

“म्हणजे शेंपटीवरून कुळ सांगणें हें पोथीच्या दोऱ्यावरून ग्रंथ ओळखण्यासारखें झालें!” मीं म्हटलें.

ती मोठ्यानें हांसली. आई गेल्यापासून ती माझ्या बोलण्यावर अशी हांसल्याचें मला आठवत नव्हतें. त्या रात्रीपासून जेवणानंतर तासभर संगणकापुढें बसण्याचा आमचा परिपाठ पडला.

जीवाणूंचें कुळ ठरविण्यास एक सोय आहे. प्रत्येक जीवाणूंत असणारें असें एक ठराविक जनुक आहे. तेवढें ताडून पाहिलें तरी नातें बऱ्याच अंशीं कळतें. कार्ल वोझ यांनीं १९७७ सालीं याच मार्गानें सजीवांची एक निराळीच मोठी शाखा ओळखली. फेजांत मात्र सर्वांना समान असें एकही जनुक नाहीं. ज्या ग्रंथाच्या सर्व पोथ्यांत सांपडेल असा एकही श्लोक नाहीं, त्याचें संपादन करावयाचें, असा हा प्रकार आहे. सबब सारा ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडावा लागतो. त्यासाठीं संगणकाच्या अनेक रीति आहेत. २०२० सालीं प्रसिद्ध झालेली व्हिरिडिक नांवाची एक रीत कन्या वापरते. दोन फेजांच्या संपूर्ण ग्रंथांत शेंकडा ९५ किंवा त्याहून अधिक अक्षरें जुळलीं, तर ते एकाच जातीचे. ७० किंवा अधिक जुळलीं, तर एका प्रजातीचे. त्यापलीकडचें दूरचें नातें पाहण्यास कोणती जनुकें दोघांत समान आहेत, तें मोजतात.

“हे ९५ कोणी ठरविले?” मीं विचारलें.

“माणसांनीं. कोठें तरी रेघ ओढावीच लागते. शाळेंत उत्तीर्ण होण्यास ३५ गुण कोणी ठरविले होते?”

निरुत्तर होऊन मी नांवांकडे वळलों, आणि तेथें मला जुने सोबती भेटले. २०२१ सालापासून विषाणूंच्या जातींनाही वनस्पतींप्रमाणें दोन पदांचें नांव द्यावें असें ठरलें आहे. पहिलें पद प्रजातीचें, दुसरें जातीचें. लॅम्डा फेजाच्या जातीचें नांव लॅम्डाव्हायरस लॅम्डा. टी-७ ची प्रजाति टेसेप्टिमाव्हायरस; यांतला सेप्टिमा म्हणजे आमचा सप्तम. टी-४ ची टेक्वाट्रोव्हायरस. त्यांत आमचें चत्वारि लपलेलें आहे. आयुष्यभर ज्या संख्या मुलांकडून म्हणवून घेतल्या, त्या इतक्या लांब जाऊन वालधुनीच्या कांठीं परत भेटतील, असें मला वाटलें नव्हतें.

पण हा कुळवृत्तांत सरळ वंशवृक्षाचा नाहीं. एकाच जीवाणूंत दोन फेज एका वेळीं शिरले, तर त्यांच्या ग्रंथांचे तुकडे एकमेकांत मिसळतात. डोकें एकाकडून आणि शेंपटी दुसऱ्याकडून घेतलेला तिसराच बाहेर पडतो. पोथ्यांच्या संपादकांनाही याच दुखण्यानें छळलें आहे. एखादा लेखक दोन पोथ्या पुढें घेऊन बसतो, आवडेल तो पाठ कधीं हिच्यांतून तर कधीं तिच्यांतून उचलतो, आणि मग त्या प्रतीची आई कोणती हें सांगतां येत नाहीं. अक्षरालाही संस्कृतांत वर्ण म्हणतात. तेव्हां हा अगदीं शब्दशः वर्णसंकर झाला. ज्या शब्दानें आमच्या पूर्वजांना धडकी भरे, तोच सृष्टींत अहोरात्र चाललेला पाहून मी थोडा वेळ गप्प बसलों. नंतर आमच्याच घराण्याचा छापील कुळवृत्तांत काढून पाहिला. पणजोबांच्या नांवापुढें कंसांत एक बारीक शब्द आहे: दत्तक. आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेलें असें, कीं घराण्यांत पहिले घारे डोळे त्यांचेच. ज्या खुणेवरून आम्हीं आपला माणूस ओळखीत होतों, ती खूणच बाहेरून आलेली! फेजांचे अभ्यासक म्हणूनच हल्लीं झाडाबरोबर जाळेंही काढतात. कोणी कोणाशीं काय वांटून घेतलें, तें जाळ्यांत दिसतें.

वैशाखांत आमच्या फेजाचीं अक्षरें वाचून आलीं. सुमारें ४१ हजार भरलीं. शेंपटी आंखूड असून हा टी-७ च्या दूरच्या भाऊबंदांतला असावा, हा कन्येचा तर्क बरोबर ठरला. आतां राहिला आंकडा. ९५ च्या खालीं आला, तर जात नवी. शोधणाऱ्यानें आपल्या फेजाला नांव द्यावें असा रिवाज आहे. आणि तिच्या मनांत कोणतें नांव आहे, तें तिनें सांगितलें नसलें तरी मला ठाऊक होतें. त्या रात्रीं ती एकटीच जागत बसली. सकाळीं स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली.

“शहाण्णव, नाना.”

परदेशांत पूर्वींच सांपडलेल्या एका फेजाशीं शेंकडा ९६ अक्षरें जुळलीं होतीं. जात जुनीच. “नवें कांहींच नाहीं,” ती म्हणाली, आणि चहा तसाच टाकून कामावर निघून गेली. दोन दिवस ती घरांत कोणाशीं धड बोलली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मीं धीर करून विषय काढला. म्हटलें, “बाळ, काश्मीरांतली एखादी पोथी आणि केरळांतली एखादी पोथी अक्षर न्‌ अक्षर जुळली, तर संपादक रडत बसत नाहीं. दोन साक्षीदार मिळाले म्हणून तो आनंदतो. तुला नवा ग्रंथ मिळाला नाहीं हें खरें. पण ज्ञात ग्रंथाची एक पोथी मिळाली, आणि तीही आपल्या गांवांत.”

ती कांहीं बोलली नाहीं. पण रात्रीं आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “नाना, तुमचें म्हणणें मीं आज निराळ्या बाजूनें पाहिलें.” मग तिनें जें सांगितलें, तें असें.

सारेच फेज मारेकरी नसतात. कांहीं जीवाणूंत शिरून त्याला मारीत नाहींत; आपलीं अक्षरें त्याच्या अक्षरांत मिसळून देतात आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वस्थ राहतात. लॅम्डा त्यांतलाच. इतकेंच नव्हे, तर कित्येक फेज जीवाणूलाच शस्त्र पुरवितात. पटकीचा जीवाणु जें विष ओततो, त्या विषाचें जनुक त्याला एका फेजाकडूनच मिळालेलें आहे, हें १९९६ सालीं सिद्ध झालें. असा पाहुणा औषध म्हणून देणें म्हणजे घरफोड्याच्या हातीं किल्ली देणें होय. नवा, एकाकी, कोणाशींच न जुळणारा फेज सांपडला असता, तर त्याच्या अनेक जनुकांचें काम काय हेंच कळलें नसतें. आमचा फेज जुन्या जातीचा, म्हणून त्याच्या भाऊबंदांची वर्तणूक आधींच लिहिलेली होती. ते जीवाणूंत ठाण मांडून बसत नाहींत. तें धरूनच तिनें आपल्या फेजाचा सारा ग्रंथ पुन्हा वाचला. वस्ती करण्याचें जनुक त्यांत नव्हतें, आणि विषाचेंही ओळखीचें जनुक नव्हतें.

“मग राहिलेल्या चारांत काय आहे?” मीं विचारलें. शिक्षकाला चुकलेले गुण आधीं दिसतात.

तिनें पडदा वळविला. रंगीत रकाने ग्रंथभर विखुरलेले नव्हते. त्यांतले बहुतेक एकाच जागीं, शेंपटीच्या टोंकाचें जें जनुक असतें त्याच्या उत्तरार्धांत, दाटीनें बसलेले होते. क्लेब्सिएलाच्या अंगावर साखरेच्या जातीच्या द्रव्याचें जाड कवच असतें, आणि या कवचाचे सत्तरांहून अधिक प्रकार आहेत. फेजाच्या शेंपटीच्या टोंकाला तें कवच विरघळविणारा अवयव असतो. तो ज्या प्रकारच्या कवचाला लागू पडेल, त्याच जीवाणूला तो फेज खातो. परदेशांतला भाऊ ज्या कवचाच्या जीवाणूला मारीत होता, त्याला आमचा हात लावीत नव्हता. उलट प्रयोगशाळेंतील ज्या जीवाणूंचा आमच्यानें फडशा पाडला, त्यांत रुग्णांपासून मिळालेले, औषधांना न जुमानणारे दोन होते. शहाण्णवांनीं त्याचें कुळ सांगितलें आणि भरंवसा दिला. पण रोग्याच्या उपयोगाची गोष्ट चारांत होती.

तेव्हां मीं तो प्रश्न विचारला. चार वर्षें तो आमच्या घरांत होता, आणि आम्हीं दोघेही त्याच्या बाजूनें वळसा घालून जात होतों.

“तुझ्या आईला याचा उपयोग झाला असता काय?”

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. “सांगतां येत नाहीं, नाना. तिच्या जखमेंतल्या जीवाणूच्या अंगावर कोणतें कवच होतें, हें पाहिलें पाहिजे. मी विचारून आलें होतें. तो जपून ठेवलेला नाहीं. ठराविक मुदतीनंतर नमुने नष्ट करतात, तसा नियमच असतो. त्यांत कोणाचा दोष नाहीं.” थोडें थांबून ती म्हणाली, “त्या कागदावर जीवाणूचें नुसतें नांव होतें. नांव कळलें म्हणजे पुष्कळ कळलें, असें मला तेव्हां वाटलें होतें.”

मजजवळ यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. मीं उठून दोघांसाठीं दूध तापविलें. आमच्या देशांत हा उपचार अजून सर्रास मिळत नाहीं. आणि एका फेजाचें कुळ कळलें म्हणून उद्यां एखाद्या पायाची जखम बरी होईल, असेंही नाहीं. एका गांवच्या पाण्यांतले फेज, दुसऱ्या गांवच्या रुग्णांचे जीवाणु, असे ताडून ताडून ज्या याद्या सिद्ध होतील, त्यांतून पुढें कोणाचा तरी बाण निघावयाचा आहे. महाभारताच्या आवृत्तीचा आरंभ ज्यांनीं केला, त्यांतल्या कित्येकांनीं तिची समाप्ति पाहिली नाहीं. तरी रकान्यांत अक्षर उतरतांना त्यांनीं आळस केला नाहीं.

जातीला नवें नांव देतां आलें नाहीं, तरी आपल्या हातीं आलेल्या फेजाला ओळखीची खूण ठेवण्याची मुभा असते. कन्येनें एक इंग्रजी अक्षर आणि एक आंकडा एवढेंच ठेवलें आहे. तिच्या आईच्या माहेरच्या नांवाचें तें आद्याक्षर आहे, हें घरांतल्यांवांचून कोणाला कळावयाचें नाहीं.

असो. परवां आषाढांतल्या एका सकाळीं गॅलरींत गेलों, तों पुन्हा तोच पांढरा डबा. या खेपेस बाटल्या दोन होत्या आणि प्रत्येकीवर जागेचें नांव व तारीख लिहिलेली होती. उन्हाची तिरीप डब्यावर येऊं लागली होती. मीं तुळशीची कुंडी पलीकडे सरकविली, आणि डब्याला सांवलींत जागा करून दिली.